आलोचची टाकी

त्याला घरचं नाव होतं, पण ते हाक मारायला कुणी वापरत नव्हतं. गवंड्यांची सगळी टोळी त्याला आलोच म्हणायची. कारण सरळ होतं. काम ऐन भरात आलं की हातातली थापी घमेल्यातल्या वाळू-सिमेंटच्या मालात खोचायची, गळ्यातल्या फडक्यानं तोंड पुसायचं आणि परांचीवरून उतरता उतरता म्हणायचं, "आलोच." मग कुठं निघालात, कधी येणार, हे विचारायची सोय नाही. आलोच म्हटलंय ना, मग येणारच. आणि येतही असे. त्याला खोटं कुणी पाडू शकत नव्हतं. फक्त तो येईपर्यंत घमेल्यातला माल आटलेला असायचा, खाली माल कालवणारे सावली धरून लवंडलेले असायचे, आणि भिंत जिथं सोडली तिथंच तोंड वासून उभी असायची.

हात मात्र त्याचा सोन्याचा होता, हे त्याच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागेल. वैरी म्हणजे तसा त्याला कुणी नव्हताच. त्याला वैऱ्याची गरज नव्हती.

मिसरूड फुटत होतं तेव्हा तो वस्तादाकडे आला. वस्ताद म्हणजे त्या भागातला जुना गवंडी. स्वतःची टोळी, स्वतःचं फळ्या-बांबूंचं सामान, आणि ठेकेदार ज्याच्या दारात येऊन बसतात असा माणूस. त्याच्या शिकवणीत फार काही नव्हतं. वीट पाण्यात बुडवल्याशिवाय हातात धरायची नाही; कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि मागं नुसता भुसा राहतो. दोन थर चढले की ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून भिंत सरळ आहे का बघायची. आटलेला माल फेकायचा, त्याला वरून पाणी पाजून उठवत बसायचं नाही. आणि जिथं पाणी साठणार आहे, तिथलं काँक्रीट सलग टाकायचं. खालचा थर ओला असतानाच वरचा पडला पाहिजे, तरच दोन्ही एकमेकांना धरतात. मध्ये कुणी उठायचं नाही.

"लघवीला लागली तर?" या पोरानं तेव्हा विचारलं होतं.

"चड्डीत कर," वस्ताद म्हणाला. "चड्डी धुता येते. सांधा धुता येत नाही."

टोळी पोट धरून हसली होती. तोही हसला. लक्षात हसणंच राहिलं.

बिघडायला सुरुवात कुठून झाली हे सांगता येतं. एकदा एका कोपऱ्याची भिंत चढवताना ओळंब्याची दोरी तुटली. नवी दोरी आणायला खाली कोण उतरणार, म्हणून पठ्ठ्यानं नुसत्या नजरेवर कोपरा डोक्यापर्यंत नेला. वस्तादानं संध्याकाळी येऊन आपला पितळी ओळंबा सोडला. दोरी भिंतीला अशी लागून राहिली की मध्ये केस जाईना. वस्ताद म्हणाला, "डोळा बरा आहे रे तुझा." एवढंच म्हणाला, आणि तिथंच घात झाला. माणसं चुकून बिघडतात. हा बरोबर येऊन बिघडला.

त्या दिवसापासून त्याचा ओळंबा पिशवीच्या तळाला गेला. "डोळा आहे की," तो म्हणायचा. मग विटा भिजवणं सुटलं. वरवर पाणी शिंपडलं की झालं, तेवढ्यानं काय होतंय. मग आटलेला माल फेकणं जिवावर यायला लागलं. एक तांब्या पाणी ओतायचं, थापीनं उलटापालटा करायचा, की पुन्हा लोण्यासारखा दिसतो. दिसतो बरं का, होत नाही. पण गिलाव्याखाली गेल्यावर कोण बघतंय? कुणी टोकलं तर त्याचं उत्तर तयार असायचं. "माझी एक तरी भिंत पडली का? दाखव. पडली का?"

नव्हती पडली. ही त्याची खरी अडचण.

ती का पडली नव्हती, हे त्याच्या बायकोला विचारायला हवं होतं. तीही त्याच टोळीत, डोक्यावर घमेलं वाहायची. आधी नवऱ्याच्या विटा वाहिल्या, मग माल वाहिला, मग पोटुशी असताना पुन्हा विटा, कारण विटा मोजून उचलता येतात. अंगानं काटकुळी, तोंडानं तिखट. उजाडायच्या आत उठून ती त्याच्या वाट्याच्या विटा हौदात टाकून ठेवायची. तो 'आलोच' करून गेला की त्याच्या घमेल्यातला मेलेला माल मागच्या खड्ड्यात उपडा करायची आणि ताजा आणून ठेवायची. तो यायचा, थापी बुडवायचा, आणि म्हणायचा, "बघ, अजून कसा लोण्यासारखा आहे. उगाच म्हणतात, आटतो आटतो."

ती काही बोलायची नाही. कधीतरी बोलायची.

"भिंत पडत नाही म्हणजे धड आहे असं नाही," एकदा ती म्हणाली. "मीपण अजून पडलेली नाही."

"तुझं काय मध्येच," तो म्हणाला.

तो जायचा कुठं, तर टपरीवर. जिथं काम असेल तिथली जवळची चहाची टपरी त्याला पहिल्या दिवशी सापडायची. दारूचं व्यसन नाही, पत्ते नाहीत, बाई नाही. नुसता चहा. म्हणून तर कुणी त्याला व्यसनी म्हणू शकत नव्हतं. पण टपरीवर त्याला जे मिळायचं ते चहाहून वेगळं होतं. तिथं त्याला वस्ताद म्हणायचे. "या वस्ताद, बसा वस्ताद." मग तो बाकड्यावर पालथ्या ग्लासांचे खांब करायचा, वर बशी ठेवायचा आणि सांगायचा, तुळईवर भार कसा येतो, मोठमोठे चुकतात ते कुठं. लोक माना डोलवायचे. टपरीवर त्यानं एवढं बांधलं की तेवढ्यात एक पेठ उठली असती. आणि तिथं बांधलेलं कधी भिजवावं लागत नव्हतं, कुणी ओळंबा घेऊन तपासायला येत नव्हतं.

बायकोनं एकदा सांगून पाहिलं, "तो टपरीवाला समोरच्या केस कापणाऱ्यालापण वस्ताद म्हणतो. परवा मला पोचवणाऱ्या रिक्षावाल्याला म्हणाला."

"म्हणण्या-म्हणण्यात फरक असतो," तो म्हणाला.

असं करत करत केस पिकायला आले. बरोबरीचे गवंडी दुसरीकडे जाऊन स्वतःच्या टोळ्या करून बसले, हा वस्तादाच्या टोळीत पहिल्या नंबरचा कारागीर म्हणूनच राहिला. पोरगी लग्न होऊन गेली. आणि बायको अजून पत्र्याच्या खोपीत राहत होती. काम जिथं तिथं खोप. चार पत्रे, वर दगड, आत एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि डबे. डबे कायम जमिनीवर. दुसऱ्यांच्या घरांना मापून कप्पे काढून देणाऱ्या माणसाच्या बायकोचे डबे उंदरांच्या उंचीला. तिनं ते बोलून दाखवायचं सोडलं होतं.

मग वस्तादाचे गुडघे गेले. त्यानं ठरवलं की आता लेकीकडे जाऊन राहायचं. टोळी, सामान, सामानाचं आवार आणि आवाराच्या तोंडाशी असलेल्या दोन पक्क्या खोल्या, हे सगळं आता कुणाच्या तरी हाती द्यायचं. मुलगा नव्हता. अशा वेळी वस्ताद आपला ओळंबा ज्याच्या हातात देईल तो पुढचा वस्ताद, ही त्या धंद्यातली रीत. कागद नाही, समारंभ नाही.

दोघंच होते देण्यासारखे. एक आलोच. दुसरा त्याचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मेहुण्याला थापी धरायला आलोचनंच शिकवलं होतं. मेहुण्याचा हात बेताचा. नजर तर अगदीच बेताची, म्हणून तो बिचारा एकेका थराला ओळंबा सोडायचा आणि टोळीच्या थट्टेचा धनी व्हायचा. "ताईनं ओळंबा आंदण दिलाय काय रे," असं त्याला विचारायचे.

वस्तादानं नवरा-बायकोला बोलावून घेतलं. खुर्चीवर गुडघे चोळत म्हणाला, "टेकडीवरच्या वस्तीला पाण्याची टाकी बांधायचीय. गोल, काँक्रीटची. काम तू बघायचंस, पायापासून. मी मध्ये पडणार नाही. नीट झाली की हे तुझं." त्यानं खिशातला पितळी ओळंबा काढून मांडीवर ठेवला. "तुझ्याइतका हात मी नाही पाहिला. पण मला एक सांग, तुझा हात तुझ्याजवळ असतो का?"

आलोच हसला. "आहे की वस्ताद, दोन्ही आहेत."

बायको हसली नाही. निघताना तिनं त्या दोन खोल्या पाहून घेतल्या. पुढच्या खोलीत भिंतीत काढलेले तीन खण होते, गुळगुळीत, कोपरे गोल केलेले. तिनं मधल्या खणात हात फिरवला, बोटाला धूळ लागली ती पदराला पुसली. "इथं डबे राहतील," ती म्हणाली. त्यानं मान हलवली. तिला त्यानं आयुष्यात दिलेल्या कबुल्यांपैकी ही एकच तिनं खरी धरली.

आणि सांगायला हवं, तो सुधारला. अगदी खरोखर. पाया खणला तेव्हा स्वतः खड्ड्यात उतरला. तळ टाकला तेव्हा जागचा हलला नाही. वस्ताद खुर्ची टाकून बसला होता हेही खरं. ओळंबा पिशवीतून वर आला. टोळीतल्या बाया त्याच्या बायकोला म्हणायच्या, "काय गं, नवरा बदललास का?" ती म्हणायची, "अजून बोलू नका." पण दिवे लागले की खोपीत बसून ती डबे घासत असायची. घासून घासून त्यांच्यावरची अक्षरं गेली.

टाकीची गोल भिंत टाकायची होती त्याच्या आदल्या दिवशी वस्ताद म्हणाला, "उद्या मी येत नाही. मी बसलो की तू मला दाखवायला काम करतोस. उद्या मी नाही असं धरून कर." मग निघता निघता वळून म्हणाला, "आणि उद्या तो शब्द नको."

"कुठला?" त्यानं विचारलं. सगळे हसले.

सकाळी गाडा सुरू झाला. खाली मिक्सर घरघरत होता, बायामाणसांची रांग परांचीवर घमेली चढवत होती. आलोच वर उभा राहून फळ्यांच्या साच्यात माल पाडून घेत होता, सळईनं ठोसत होता, कडेनं सगळीकडं सारखा फिरत होता. एक फेरा झाला की त्याच्यावर लगेच दुसरा. मेहुणा पलीकडच्या बाजूनं तेच करत होता. माल असा बसत होता की पाणी वर येऊन चकाकायचं. असं काम कधीमधीच जमून येतं. जमिनीवरून बघणाऱ्यालाही कळतं. भिंत निम्म्यावर आली, आणि त्यानं मान वर करून खाली पाहिलं.

टेकडीच्या पायथ्याशी टपरी. बाकड्यावर नेहमीची माणसं. कुणीतरी हात वर केला.

त्याच्या मनात काय आलं हे त्यानं पुढं कुणाला सांगितलं नाही. पण फार काही आलं नसणार. काम इतकं सुरेख चाललंय, ते कुणाला तरी आत्ता सांगावं. उद्या झाल्यावर तर सगळेच सांगतील. आणि आत कुठंतरी असंही असणार की निम्मी भिंत सरळ आहे, उरलेली अर्धी राहू दे क्षणभर. अजून ती बिघडलेली नाही. टाकून झाली की तिचं काय ते ठरणार.

त्यानं थापी मालात खोचली. फडक्यानं तोंड पुसलं.

बायको भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन वर पोचली होती. "कुठं?"

"आलोच."

"आज नाही."

"अगं पाच मिनिटं. घसा सुकलाय."

"पाणी आणते."

"पाण्यानं होत नाही."

मेहुणा पलीकडून म्हणाला, "दाजी, तुम्ही जाऊन या. मी टाकत राहतो."

झालं असतं. मेहुण्याच्या बेताच्या हातानंसुद्धा झालं असतं, कारण सांधा हात बघत नाही, वेळ बघतो. पण आलोच परांचीच्या शिडीवर थांबला आणि सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी आल्याशिवाय साच्यात कुणी थेंब टाकायचा नाही. टाकी माझी आहे."

मुख्य कारागिराचा शब्द म्हणजे शब्द. मिक्सर थांबला. मेहुणा हात लोंबते सोडून उभा राहिला. ऊन असं होतं की सळईला हात लावला तर चटका बसत होता. बायको घमेलं डोक्यावर तसंच धरून उभी. खाली ठेवलं असतं, पण तिला वाटलं, आलाच तर.

आता ही बाई काही खुळी नव्हती. पण इतकी वर्षं 'आलोच' ऐकून माणसाला ते खरं वाटायला लागतं.

शेवटी तिनं घमेलं भावाकडे दिलं आणि टेकडी उतरून गेली. टपरीवर तो रंगात आला होता. पालथे ग्लास गोल मांडून मध्ये बशी ठेवली होती, ती टाकी. "सलग," तो सांगत होता. "सगळी गंमत सलगची आहे. एकदा हात घातला की उठायचं नाही."

"चला," ती म्हणाली.

"हे बघा," तो बाकड्यावरच्या मंडळींना म्हणाला, "टाकीपेक्षा मुकादमीण जड." लोक हसले. लोक हसले म्हणून त्यानं आणखी अर्धा चहा मागितला. तो अर्धा चहा त्याला नको होता. बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश प्याला. ती बाजूला उभी राहिली.

परत येऊन वर चढला तेव्हा साच्यातल्या मालाची चकाकी गेली होती. राखेसारखा मंद रंग आला होता. मेहुण्यानं अंगठा दाबून दाखवला, ठसा उठेना.

"दाजी, टाचून घेऊ," मेहुणा हळू आवाजात म्हणाला. "पृष्ठभाग खडबडीत करू, धुऊ, सिमेंटचं दाट पाणी ओतू, मग पुढं जाऊ. आज पूर्ण होणार नाही, पण धरेल."

हे त्यालाही माहीत होतं. मेहुण्याला त्यानंच शिकवलं होतं. पण टाचायचं म्हणजे आज थांबायचं, आणि आज थांबायचं म्हणजे उद्या वस्तादाला कारण सांगायचं.

"तू मला शिकवणार आता?" तो म्हणाला. "पाणी मार वरून. चालतंय."

पाणी मारलं, आणि काम पुढं चाललं. उरलेली भिंत त्यानं अशी टाकली की तोड नाही. जीव ओतला. त्या वरच्या अर्ध्यात शोधून दोष सापडणार नाही.

फळ्या काढल्या तेव्हा निम्म्यावर एक रेघ दिसली. दोऱ्याएवढी, टाकीला करगोटा बांधल्यासारखी. त्यानं बाहेरून आतून गिलावा केला आणि असा घोटला की टाकी आरशासारखी झाली. वस्ताद काठी टेकत आला. टाकीवरून तळवा फिरवत एक वेढा घातला. म्हणाला, "हात आहे बाबा." मग थांबून विचारलं, "सलग?"

"सलग."

"काही झालं असेल तर आत्ता बोल. कोरडी आहे तोवर आतून तोडून नीट करता येतं. मी रागवायच्या वयाचा राहिलो नाही."

"काही नाही झालं वस्ताद."

वस्तादानं त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती परातीला चिकटलेला माल नखानं खरवडत होती. खरवडतच राहिली. तिच्या डोळ्यांसमोर ते तीन खण होते. मेहुण्यानं ताईकडे पाहिलं आणि तोही गप्प बसला. आलोचची सवय आता आख्ख्या घराला लागली होती, ती अशी.

पाणी सोडलं त्या दिवशी वस्तीतली झाडून सगळी माणसं टेकडीवर जमली होती. बाया घागरी घेऊन आल्या होत्या, उगाच, बघायला म्हणून. पाणी चढत गेलं. निम्म्यापर्यंत काही नाही. निम्म्यावर गेल्यावर थोडा वेळ काही नाही. मग त्या आरशासारख्या गिलाव्यावर एक ओला पट्टा उमटला. घाम फुटतो तसा. पट्टा गोल फिरत गेला, रुंद झाला, आणि मग एका जागेवरून पाण्याची बारीक धार खाली आली. एक म्हातारी म्हणाली, "गळतीय की ही." ती काही टोमणा मारत नव्हती, नुसतं सांगत होती.

वस्तादानं धारेला बोट लावलं. वर पाहिलं. "इथं तू उभा होतास ना?"

आलोचनं टोळीकडे पाहिलं. आयुष्यभर छोट्या छोट्या गोष्टींना जे कारण पुरत आलं, तेच तोंडात आलं. "माल वेळेवर मिळाला नाही वस्ताद. मी सांगून थकलो. ह्याचं लक्ष नव्हतं," तो मेहुण्याकडे बोट करून म्हणाला. "घरचा माणूस म्हणून बोललो नाही इतके दिवस."

मेहुण्याचं तोंड उघडं राहिलं. तो बोललाही नसता. बोलली ती त्याची बहीण.

"माल तयार होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "घमेलं माझ्या डोक्यावर होतं. तुम्ही आलोच म्हणालात म्हणून मी ते उतरवलं नाही. मानेला अजून कळ येते, म्हणून विसरता येत नाही."

आलोच तिच्याकडे असा बघत राहिला, जणू त्याच्या भिंतीखालची वीटच तिनं काढून घेतली. खरं तर ती फक्त तिथं विटा ठेवायची थांबली होती.

वस्तादानं खिशातून ओळंबा काढला आणि मेहुण्याच्या हातात ठेवला. "दोरी जुनी झालीय," तो म्हणाला. "नवी घाल." काठी टेकत टेकडी उतरून गेला. आलोचला बरं-वाईट काही म्हणाला नाही. म्हटलं असतं तर त्याला टपरीवर सांगायला काहीतरी झालं असतं.

टाकी पाडली नाही. आतून तोडून, लेप देऊन, काय काय करून ती कशीबशी वापरात आणली. पण सांध्यातून पाझर राहिलाच. पाण्याबरोबर आतला चुना बाहेर येतो आणि वाळून पांढरे ओघळ होतात. ते ओघळ खालच्या रस्त्यावरून दिसतात. रंग दिला की वर्षभरात पुन्हा येतात. नवख्या माणसाला पत्ता सांगताना लोक म्हणतात, आलोचची टाकी दिसली की डावीकडे वळा. आलोच कोण, हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत नाही. दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा आलंय, आलोच टाकीजवळ. माणूस मेला तरी हे नाव पुसायचं नाही. वस्ताद म्हणवून घ्यायची हौस होती. एवढं मोठं नाव कुठल्या वस्तादाला मिळालं?

मेहुण्यानं आवारातली मागची खोली बहीण-दाजींना दिली. माणूस चांगला आहे, उपकार बोलून दाखवत नाही. पुढच्या खोलीतल्या खणांत मेहुण्याच्या बायकोचे डबे आहेत. मागच्या खोलीची भिंत सपाट. "दोन खण काढून देतो तुला," आलोच म्हणाला होता. "एका दिवसाचं काम." त्यानं कोळशानं भिंतीवर आखूनही ठेवलंय. कोळसा पुसट झाला तेव्हा बायकोनं एक खिळा ठोकला आणि त्याला पिशवी अडकवली. डबे जमिनीवरच आहेत.

कामाला तो अजून जातो, मेहुण्याच्या टोळीत. बांधकाम त्याच्याकडे नाही. मेहुण्यानं तोंडानं कधी म्हटलं नाही, पण हळूहळू त्याच्याकडे एकच काम राहिलं, टाकलेल्या स्लॅबवर नळीनं पाणी मारायचं. त्यानं जन्मात जे नीट केलं नाही, ते भिजवणंच.

परवाच्या एका कामावर मोठा स्लॅब पडत होता. मिक्सर घरघरत होता, बाया घमेली चढवत होत्या, मेहुणा वाकून दर चार हातांवर काहीबाही मापत होता. कडेला, कालच्या टाकलेल्या भागावर, आलोच नळी धरून उभा. खाली रस्त्यापलीकडे टपरी. त्यानं नळी खाली ठेवली, फडक्यानं तोंड पुसलं.

"आलोच," तो म्हणाला.

मिक्सर थांबला नाही. रांग मोडली नाही. कुणी कुठं म्हणून विचारलं नाही, की नको म्हटलं नाही. तो शिडीच्या तोंडाशी जरा थांबला. मोठ्यानं पुन्हा म्हणाला, "आलोच बरं का." एक बाई भरलं घमेलं घेऊन आली आणि म्हणाली, "दाजी, वाट सोडा."

तो उतरून गेला. नळी एकाच जागी वाहत राहिली, पाण्यानं कडेच्या आजच्या ओल्या मालातलं सिमेंट धुऊन जायला लागलं. त्याच्या बायकोनं डोक्यावरचं घमेलं रिकामं केलं, वाकून नळी उचलली आणि पाणी मारायला लागली. तिलाही सवय होती.